टॉनिकने न भागणारे दुखणे

‘पोरगी जेवत नाही, टॉनिक द्या,’ असे पालक मला नेहमी सांगतात. पण पाळी थांबली, हातपाय गार, नाडी पन्नासच्या खाली, आणि तरी ‘मी जाड आहे’ हा हट्ट असेल, तर तो अ‍ॅनोरेक्सिया असू शकतो. तो हृदयावर बेततो. उपाशी देहाला एकदम भरपूर खाऊ घातले, तरी रक्तातील फॉस्फेट घसरून जीव धोक्यात येतो.

एमबीबीएसला मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नाही. मग आम्ही हे ओळखणार कसे? नागपुरात मेडिकल-मेयोच्या मानसोपचार विभागांनी फॅमिली डॉक्टरांचे वर्ग घ्यावेत. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात विकसित झालेली, जेवणाची सूत्रे आईवडिलांच्या हाती देणारी उपचारपद्धती तिथे शिकवावी.

तोवर पालकहो, मुलीला रागावू नका. आधी नाडी, वजन तपासून घ्या.