सोडून देण्याचं गणित

एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेला आठ दिवस उरले आणि आमच्या भाचीने पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनचं कोरं पुस्तक उघडलं. मामा असल्याचा हक्क बजावून मी ते मिटवलं. तहान लागल्यावर विहीर कसली खणतेस? कळशीत आहे ते सांडू देऊ नकोस. परीक्षा १२० मिनिटांची, विभाग तीन, प्रत्येकाला ४० मिनिटं. एकदा वेळ संपली की मागे फिरणं नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, बहुपर्यायी प्रश्न चुकला तर १ वजा. म्हणजे गणित येण्याइतकंच ते सोडून देता येणं महत्त्वाचं, आणि हे आपल्या शाळांनी कधी शिकवलंच नाही. तिथे कोरी जागा म्हणजे पाप. खरी कसोटी मधल्या विभागात: कोष्टकं, कोण कुणाशेजारी बसलं, कुठला संघ किती सामने जिंकला. पहिली पाच मिनिटं हात आखडून प्रश्नांचे सगळे संच नुसते वाचायचे आणि कुठले हाती लागतील ते ठरवायचं. उत्तर टंकून द्यायच्या प्रश्नांना मात्र वजा गुण नसतात. ते कोरे ठेवणारा खुळाच. आपल्या राज्याच्या एमबीए सीईटीत तर सगळाच उलटा कारभार: १५० मिनिटांत २०० प्रश्न, वजा गुण नाहीतच, तिथे सोडून देणाराच फसतो. आणि पोरं बिचारी दोन्ही देतात. भाचीने शहाण्यासारखी मान डोलावली. रात्री पाणी प्यायला उठलो, तर तिच्या खोलीत दिवा जळत होता आणि तेच पुस्तक उघडं.