तेजोमेघांच्या चित्रांतील रंग

तेजोमेघांचीं रंगीत चित्रें हल्लीं शाळांच्या भिंतींवर, पुस्तकांच्या वेष्टनांवर, फार काय दिनदर्शिकांवरहि दिसतात. तीं पाहून विद्यार्थ्यांत दोन पक्ष पडतात. एक समजतो कीं, मोठ्या दुर्बिणीस डोळा लाविला असतां हेंच सोनें व हीच निळाई दिसावयाची. दुसऱ्याच्या कानीं कोठून तरी येतें कीं, हे रंग मागाहून दिलेले असतात, आणि तो एकदम म्हणूं लागतो, "मग सारें थोतांडच!" आमच्या मतें दोघेहि चुकतात, पण दुसऱ्याची चूक अधिक घातक, कारण तींतून शास्त्राविषयींच अविश्वास रुजतो. यांत दोष मुलांचा नव्हे. चित्राखालीं रंगांचा खुलासा क्वचितच छापलेला असतो.

तीन चित्रांचें एक रंगीत चित्र करण्याची युक्ति जुनी आहे. १८६१ सालीं लंडन येथें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं एका रंगीत फितीचीं तीन छायाचित्रें तांबड्या, हिरव्या व निळ्या माध्यमांतून घेववून, तीं त्या त्याच रंगाच्या प्रकाशानें एका पडद्यावर एकत्र पाडून दाखविलीं. तेथें तांबड्यांतून घेतलेलें चित्र तांबड्यांतच दाखविलें होतें. वादाचें मूळ असें कीं, तेजोमेघांच्या या चित्रांत तसें करीत नाहींत.

गरुड तेजोमेघांतील स्तंभांचें जें चित्र जगभर गाजलें, त्याच्या प्रतिमा हबल दुर्बिणीनें १ एप्रिल १९९५ रोजीं घेतल्या. त्यासाठीं वापरलेले तीन फिल्टर प्रकाशाची अगदीं अरुंद पट्टी आंत येऊं देतात : ऑक्सिजनची सुमारें ५०१ नॅनोमीटरची, हायड्रोजनची ६५६ ची व गंधकाची ६७३ च्या आसपासची. यांपैकीं शेवटच्या दोन्ही आपल्या डोळ्यांस तांबड्याच. त्या जशाच्या तशा दाखविल्या तर गंधक कोठें व हायड्रोजन कोठें, हें कोणासहि उमगणार नाहीं. म्हणून सर्वांत लांब लहरीस तांबडा, मधलीस हिरवा व आंखूड लहरीस निळा रंग देतात. क्रम खराच राहतो, अंतर मात्र ताणलें जातें. नकाशांत सातारा जिल्हा पिवळा रंगविला म्हणून तेथील माती पिवळी असें कोणी मानीत नाहीं, आणि नकाशा खोटा असेंहि म्हणत नाहीं!

खरी अडचण पुढेंच आहे. बहुतेक तेजोमेघांत हायड्रोजनचा प्रकाश इतर दोहोंपेक्षां पुष्कळ तेजस्वी असल्यानें तीन प्रती नुसत्या एकावर एक ठेविल्या तर सारें चित्र हिरवेंगार होतें. म्हणून गंधक व ऑक्सिजन यांच्या मंद प्रती संगणकावर अधिक उजळतात. आणि जेथें हिरवा हा तांबड्या व निळ्याच्या सरासरीहून अधिक असेल, तेथें तो त्या सरासरीवर आणतात. मग तें प्रसिद्ध सोनें व निळाई प्रकट होते. या खटाटोपांत बिचारे तारे जांभळट होतात, आणि पुष्कळ लोक साध्या रंगीत छायाचित्रांतील तारे आणून त्यांच्या जागीं बसवितात. यांपैकीं क्षम्य काय? आमचें मत असें कीं, जो नियम साऱ्या चित्रास सारखा लाविला व सांगितला, तो हिशेब आहे. एखादा कोपरा फिका दिसतो म्हणून तेवढ्यापुरता हात फिरविला, तर ती चित्रकला होय. ताऱ्यांची बदलाबदलहि, न सांगतां केली तर, आम्हांस पसंत नाहीं.

या समतोलाची एक किंमत आहे, ती विद्यार्थ्यांस अवश्य सांगावी. प्रती वेगवेगळ्या प्रमाणांत उजळल्यावर रंगांवरून वायूंचें प्रमाण काढतां येत नाहीं. निळा भाग मोठा म्हणून तेथें ऑक्सिजन फार, हें अनुमान चुकीचें. हजार हायड्रोजन अणूंमागें ऑक्सिजनचा एकहि अणु बहुधा नसतो. ती निळाई जवळच्या अतितप्त ताऱ्यांच्या प्रखर किरणांची खूण आहे. गमत अशी कीं, हाच प्रकाश डोळ्यांस हिरवट दिसतो. १८६४ सालीं विल्यम हगिन्स यांनीं कालिय तारकासमूहांतील एका तेजोमेघाच्या वर्णपटांत ही हिरवी रेषा पाहिली. पुढें ती कोणा अज्ञात मूलद्रव्याची मानली गेली, आणि १९२७ सालीं आयरा बोवेन यांनीं ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचें दाखविलें. एवढा इतिहास असलेला हिरवा प्रकाश चित्रांत निळा होतो, आणि तांबडा हायड्रोजन हिरवा!

असे अरुंद फिल्टर रस्त्यांवरील दिव्यांचा बराचसा उजेड अडवीत असल्यानें मुंबई-पुण्यासारख्या शहरांच्या गच्चीवरूनहि अशीं चित्रें घेतां येतात, व हौशी मंडळी घेतहि आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हा नाद लावून घेतल्यास आम्हांस आनंदच होईल. मात्र या वार्षिकाच्या संपादकांस आमची विनंति आहे कीं, तसें चित्र आल्यास त्याखालीं कोणत्या वायूस कोणता रंग दिला, कोणती प्रत किती उजळली व तारे कोठून आणले, हें लिहून मागावें. आणि तें न मिळाल्यास चित्र कितीहि सुंदर असलें तरी छापूं नये.