विमानात बसवायला दहा जण, सोडवून आणायला कोणीच नाही!

राजेहो, आज जरा लांब लिहितो. घरातलं, शेजारचं कोणी दुबई-सौदीला जायच्या तयारीत असेल तर त्याला हे जरूर वाचून दाखवा.

आपल्या पुसद, उमरखेड, महागाव, दिग्रस भागातली पोरं आखातात जातात. कोणी गवंडी, कोणी ड्रायव्हर, कोणी आयटीआय केलेला वेल्डर. कापूस-सोयाबीनवर घर चालत नाही, उसतोडीला जायची इच्छा नाही, म्हणून जातात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कष्ट करायला जातात, चोरी करायला नाही.

पण एक गोष्ट पहा. पोरगा निघाला की त्याच्याभोवती किती माणसं गोळा होतात! एजंट, एजंटचा माणूस, त्या माणसाचा गावातला माणूस, मेडिकलवाला, व्याजाने पैसे देणारा. सगळ्यांचे हात पुढे. आणि तोच पोरगा तिकडे अडकला, पगार थांबला, पासपोर्ट मालकाने कपाटात टाकला, की मायबाप झेरॉक्सची पिशवी घेऊन पुसदभर फिरतात. तेव्हा यातला एकही फोन उचलत नाही.

अडकणं म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. आखातात राहायचा परवाना मालकाशी बांधलेला असतो. सौदीत त्याला इकामा म्हणतात. मालकाने तो वेळेवर वाढवला नाही, की आपला पोरगा बेकायदेशीर ठरतो. चूक मालकाची, पकडला जातो पोरगा. भांडून काम सोडलं तर मालक 'कामगार पळाला' अशी नोंद करतो. सौदीत तिला हुरूब म्हणतात. मग पगार तर राहिलाच, घरी परत यायचंही कठीण होऊन बसते.

आता गंमत ऐका. कायदा या पोराच्या बाजूने आहे! सौदीच्या कामगार कायद्यातच लिहिलंय की इकाम्याची फी, तो वाढवायला उशीर झाला तर दंड, करार संपल्यावर परतीचं तिकीट, हे सगळं मालकाने भरायचं. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या परवानगीची अट काढली. यूएईने २०२४ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये व्हिसा संपलेल्यांना दंड माफ करून कागद सरळ करायची किंवा घरी जायची संधी दिली. पण हे आपल्या तांड्यावरच्या मायबापाला सांगणार कोण? सवलतीची मुदत संपल्यावर कळून काय उपयोग?

आपल्याकडचा कायदाही पहा. १९८३ चा उत्प्रवास कायदा, म्हणजे एमिग्रेशन ॲक्ट. परवाना नसताना परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरती करणं हा गुन्हा आहे. परवाना असलेल्या एजंटलाही जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५ हजार ४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. सब-एजंट या प्राण्याला तर कायद्यात जागाच नाही. आता मला सांगा, तुमच्या ओळखीतल्या किती जणांनी ३५ हजार ४०० दिले आणि किती जणांनी लाखाच्या वर? पावती किती जणांकडे आहे?

तक्रार घेऊन गेलं की ठरलेलं उत्तर मिळते, "पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी दावा करा." साफ चूक. या कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आहेत. खटल्यासाठी केंद्र सरकारची मंजुरी लागते हे खरं, पण तक्रार जर फसवला गेलेला माणूस स्वतः करत असेल, किंवा त्याच्या वतीने आई, बाप, बायको, भाऊ, बहीण करत असेल, तर ती मंजुरीही लागत नाही. कायदा करणाऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी विचार करून ठेवला होता की पोरगा तिकडे असेल आणि तक्रार माय करेल. आपल्याकडे त्या मायला हे सांगणारा माणूस नाही, एवढीच अडचण आहे.

पळवाट कुठे आहे तेही सांगतो. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर असते. अशा माणसाला सौदी, यूएई, कुवेत धरून १८ देशांत कामाला जायचं तर आधी सरकारची मंजुरी लागते, करार तपासला जातो, १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा असतो. एजंट काय करतो? पोराला फिरायच्या व्हिसावर पाठवतो. "तिकडे गेल्यावर वर्क व्हिसा करून देऊ." मंजुरी नाही, करार नाही, विमा नाही. तिथेच अर्धी लढाई हरलो. हे एक वाक्य निघायच्या आधी कोणी वाचून सांगितलं असतं, तर कितीक घरांचं कर्ज वाचलं असतं.

काही जण म्हणतील, "परराष्ट्राचा विषय केंद्राचा आहे, पुसदमध्ये काय होणार?" मग केरळ काय वेगळ्या देशात आहे का? तिथे अनिवासींसाठी १९९६ पासून स्वतंत्र खातं आहे. नॉर्का रूट्स नावाची संस्था आखातात कायदेशीर सल्लागार नेमते आणि अडकलेल्या मल्याळी माणसाला मदत करते. केरळ लांब वाटत असेल तर पैनगंगेपलीकडे पहा. किनवटच्या पुढे आदिलाबाद लागतं. त्या तेलंगणाने आखातात मेलेल्या कामगाराच्या घराला ५ लाख रुपये द्यायचं २०२४ मध्ये ठरवलं. आपल्या सरकारने त्याच वर्षी फेब्रुवारीत जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी १० हजार कुशल माणसं पाठवायचा करार केला. चांगली गोष्ट आहे, पाठवा. पण जे आधीपासून स्वतःच्या कर्जावर जात आहेत, त्यांचं काय? जर्मनीला जाणारा महाराष्ट्राचा, आणि कुवेतला जाणारा कोणाचा?

१२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली. वायुदलाच्या विमानाने ४५ भारतीयांचे मृतदेह आणले. तेव्हा आपण सगळ्यांनी मेणबत्तीचे स्टेटस ठेवले. दोन दिवसांत स्टेटस गेले, विषयही गेला.

दुसरे म्हणतील, "लालचेने जातात, भोगतील." बापा, लालच आणि गरज यातला फरक ज्याच्या घरी सावकार येते त्याला विचार.

आता मागणी. मला नवीन ऑफिस नको, उद्घाटन नको. कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात 'विधी सेवा' म्हणजे फक्त केस लढणं नाही, कायदेशीर सल्ला देणंही आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कारखान्यातला कामगार, मानवी तस्करीत सापडलेला माणूस यांना ती फुकट आहे. बाकीच्यांना, म्हणजे आपल्या बंजारा तांड्यावरच्या माणसालाही, वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर आहे. म्हणून:

१. समितीने आठवड्यातून एक दिवस 'परदेशी कामगार मदत' ठेवावी. निघायच्या आधी व्हिसा, करार आणि एजंटचा परवाना एका वकिलाने वाचून द्यावा, बस्स.

२. पोलीस ठाण्यात अशा तक्रारीवर गुन्हा नोंदवावा. दिवाणीचं कारण सांगून परत पाठवू नये.

३. परवान्याशिवाय बसस्टँड परिसरात 'दुबई-सौदी भरती'चे बोर्ड लावणाऱ्यांची तपासणी व्हावी. परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर पाच मिनिटांत तपासता येतो.

४. आमदार-खासदारांनी केरळसारखी यंत्रणा मुंबईत नाही, तर तालुक्यापर्यंत मागावी.

हे गाव वसंतराव नाईकांचं आहे. ते मुख्यमंत्री असताना १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली. काम मागणाऱ्याला सरकारने उत्तर द्यायचं असतं, हे या मातीने राज्याला शिकवलं. आज त्याच मातीतला पोरगा काम शोधत वाळवंटात गेला, तर त्याचा कागद वाचून द्यायला आपल्याकडे एक माणूस नसावा?

तोपर्यंत हे लिहून ठेवा: मोफत विधी सेवेसाठी १५१००. परदेशातल्या नोकरीच्या चौकशीसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्र १८००-११-३०९०. तिकडे अडकलेल्यासाठी परराष्ट्र खात्याचं मदद पोर्टल. आणि पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, ना एजंटची ना मालकाची. तो कोणाच्या कपाटात ठेवू देऊ नका.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच. पण वकील मित्रांनो, तुमच्यापैकी कोण आठवड्यातला एक दिवस देणार, ते नाव कमेंटमध्ये टाका. पहिल्या नावाची वाट पाहतो.