मुंब्रा आपोआप वाढला नाही

मुंब्र्याचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेले असते: "तिथे सगळे अनधिकृतच." म्हणजे शहर अस्ताव्यस्त पसरले तो दोष तिथे राहणाऱ्यांचा. हे म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबे जीव मुठीत धरून इकडे आली. नंतर आलेल्यांपैकी कुणाला मुंबईतले भाडे झेपत नव्हते, कुणाला नाव ऐकताच घर नाकारले गेले होते. कौसा, पुढे शिळफाटा अशी वस्ती सरकत गेली. घर लांब गेले, रोजगार मात्र मुंबईतच राहिला. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलमधून पडून जे प्रवासी दगावले, ते या अंतराचे बळी होते.

हा धर्माचा गुण म्हणावा, तर पुढचेच स्टेशन पाहा. दिव्यात बहुसंख्य वस्ती हिंदू, त्यात कोकणातून आलेली मराठी माणसे पुष्कळ. तिथेही तशाच खेटून उभ्या इमारती, तशीच पाण्याची ओरड. डोंबिवलीत तर ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली. फसला तो घर घेणारा, आणि हातोडाही त्याच्याच घरावर.

शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमधली इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि ७४ जीव गेले. काही महिन्यांत मजल्यावर मजला चढत होता. तो कुणालाच दिसला नाही? अटक झालेल्यांत बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारी आणि पोलीसही होते. चार भिंती चोरून बांधता येतील, सात मजले नाही.

कायद्याची गंमत पाहा. अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती आकारता येते. ती भरल्याने घर अधिकृत होत नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ मध्ये वाढवून डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे आत घेतली. लोकांना दिलासा हवाच. पण आधी वाढू द्यायचे, मग दंड घेऊन पोटात घालायचे, याला नियोजन म्हणत नाहीत. तोवर शाळेची जागा गेलेली असते.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून हे अधिक बोचते. शाळेच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा होते. मैदानासाठी जमीन कोणत्या वर्गणीतून आणायची?

उपाय नवा नाही. १९६६ च्या आपल्याच कायद्यात नगररचना योजना आहे. जमीनमालकांचे तुकडे एकत्र करायचे, रस्ता, शाळा, दवाखाना, मैदान यांची जागा आधी काढायची आणि उरलेली जमीन आखून मालकांना परत द्यायची. अहमदाबादने शहराच्या कडेला हेच केले. त्याच्या जोडीला मुंबईतच कामगाराला झेपतील अशी भाड्याची घरे उभारावी लागतील. नाहीतर आज शिळफाटा, उद्या त्याच्याही पलीकडे.

आता थोडे आपल्या लोकांशी. बिल्डर "आपला माणूस" आहे एवढ्यावर आयुष्यभराची कमाई हातात ठेवू नका. बांधकाम परवानगी कुठे, भोगवटा प्रमाणपत्र कुठे, हे विचारा. आणि कागद दाखवला तर तो पालिकेत जाऊन पडताळा. आपला माणूस असेल तर त्याला राग येण्याचे कारण नाही. निवडणुकीत स्वागताच्या कमानी लावणाऱ्यांनाही एकच प्रश्न करा: विकास आराखड्यात आमच्या प्रभागात शाळा आणि मैदानासाठी कोणते भूखंड राखीव आहेत, आणि आज त्यांवर काय उभे आहे?

"अनधिकृत" हा शिक्का इमारतीवर जरूर मारा. पण ज्यांनी ती डोळ्यांदेखत उभी राहू दिली, त्यांच्या खुर्चीवर तो आधी मारा.