पिशवी काढण्याआधी

‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला महाराष्ट्राला नवा नाही. बीडच्या ऊसतोड महिलांची २०१९ मध्ये पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कॅन्सर होईल अशी भीती घातल्याचे अनेकींनी सांगितले. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना लागू करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राज्यांना बजावले. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर खरोखरच असेल, अगदी सुरुवातीचा असेल आणि बाईला मूल हवे असेल तर? तेव्हाही पिशवी जायलाच हवी असे नाही, हे फार थोड्या घरांत पोहोचले आहे.

पीसीओडी, वाढलेले वजन, महिनोन्‌महिने न येणारी पाळी अशा शरीरात इस्ट्रोजेनला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन कमी पडते. गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते, पेशी बिघडतात. उपचार म्हणजे ही उणीव भरून काढणे: मेजेस्ट्रॉल किंवा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, नाहीतर गर्भाशयात बसवायचे हार्मोन सोडणारे साधन. अटी मात्र कडक आहेत. गाठ पहिल्या श्रेणीची हवी, ती अस्तरापुरती असल्याचे एमआरआयमध्ये दिसले पाहिजे. बायोप्सीची काच दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनेही पाहावी, कारण ‘कॅन्सरपूर्व बदल’ असा अहवाल आलेल्या स्त्रियांत पिशवी काढल्यावर चाळीस टक्क्यांच्या आसपास कॅन्सरच सापडल्याचे एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसले होते.

निवडक रुग्णांत सुमारे तीन चतुर्थांश जणींचा आजार मागे हटतो. पुढची गोष्ट सांगताना डॉक्टरांचा आवाज खाली येतो: त्यांतल्या बऱ्याच जणींत तो परततो. म्हणून दर तीन ते सहा महिन्यांनी बायोप्सी, अस्तर स्वच्छ झाले की वेळ न दवडता गर्भधारणेचा प्रयत्न, आणि मूल झाल्यावर पिशवी काढण्याचाच सल्ला. ही सवलत मुदतीची आहे.

खरी अडचण इथेच आहे. गोळी आणणे सोपे, पाठपुरावा अवघड. परळीची बाई दर तिमाहीला कामाचा खाडा करून शहरात येणार कशी? पाळी नियमित झाली की घरचेच म्हणतात, ‘आता कशाला चकरा?’ आणि तिथेच आजाराला मोकळे रान मिळते. ज्याला रुग्णावर लक्ष ठेवता येत नाही, त्या डॉक्टरने गोळी लिहूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण त्याने थेट सुरीही हाती घेऊ नये. बाईला कॅन्सर रुग्णालयात पाठवावे.

बीडमध्ये पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घालण्यात आली. ती राज्यभर हवी. त्या अर्जात दोन रकाने वाढवावेत: बायोप्सीचा निकाल काय, आणि मूल हवे असलेल्या रुग्णाला औषधांचा पर्याय सांगितला का. दुसऱ्या रकान्याखाली सही नवऱ्याची नको, तिची हवी. तपासणीसाठीच्या प्रवासाचा खर्चही सरकारने उचलावा.