२२० वजा वय

जिममधल्या ट्रेडमिलवर वय टाकलं की ती एक साधा हिशोब करते. २२० वजा तुमचं वय, म्हणे इतके तुमच्या हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके. वय ३० असेल तर १९०. त्याचे ७० ते ८० टक्के, म्हणजे १३३ ते १५२ च्या मध्ये नाडी ठेवा आणि पळा.

हाच हिशोब डाऊन सिंड्रोम असलेल्या तिशीतल्या माणसाला लावला की साफ गंडतो. व्यायाम करताना ‘वेग वाढव’ असा जो इशारा हृदयाला मिळायला हवा, तो त्यांच्यात कमी जोरात मिळतो. त्यामुळे कमाल ठोके साधारण २५-३० ने कमीच राहतात. समजा १६० ला त्याची हद्द संपली, तर १५२ म्हणजे आपल्याला बरा घाम आणि त्याचा मात्र जीव काढणं. तो बिचारा थांबतो आणि ट्रेनर म्हणतो, "आळशी आहे हो!"

कोड लिहिणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. डिफॉल्ट व्हॅल्यू चुकीची आणि शिव्या युजरला :)

माझ्या ३१ वर्षांच्या मामेभावाला डाऊन सिंड्रोम आहे. शाळेत असेपर्यंत रोज पीटी, शनिवारी पोहणं. अठरा पूर्ण झाली, शाळा संपली, व्यायामही संपला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षण १८ वर्षांपर्यंतच आहे. खेळांत सहभाग मिळवून देण्याची जबाबदारीही त्याच कायद्याने सरकारवर टाकलीय, तिला वयाची अट नाही. पण गल्लीतल्या जिमपर्यंत कायदा कुठला पोचायला! तिथे उत्तर मिळालं, "सर, काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?"

प्रश्न अगदीच फालतू नाही. डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मणाऱ्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो. काहींच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी, आणि कोलांटउड्या, शीर्षासन बंद. एवढं पाळलं की चालणं, सायकल, हलकी वजनं यात घाबरण्यासारखं फारसं काही नाही.

आणि नुसतं बसवून ठेवण्याची जबाबदारी कोण घेणार? अमेरिकेत १९८३ साली डाऊन सिंड्रोम असलेल्यांपैकी निम्मे लोक पंचविशीपर्यंतच जात. आता साठीपर्यंतचं आयुष्य नवलाचं राहिलेलं नाही. म्हणजे शाळेनंतर चाळीसेक वर्षं उरतात. त्यात स्नायू मुळात ढिले, थायरॉइडचा त्रास नेहमीचा, आणि घरातले लाडाने भरवणार. (मामी, रागावू नकोस.)

व्यायामाने वजन झटकन उतरेल असं मात्र कुणी समजू नये. खाणं बदललं नाही तर काटा फारसा हलत नाही. पायांतली ताकद वाढते, दम वाढतो. जिना न थांबता चढता येणं, बसमध्ये स्वतः चढता येणं, हा फायदा काट्यावर दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पहिल्यांदाच अपंगत्व असलेल्यांसाठी वेगळ्या शिफारशी दिल्या. प्रौढांसाठी आकडा आपल्यासारखाच, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम.

यासाठी स्पेशल मशीन लागत नाही, सोबती लागतो. एका वेळी एकच सूचना, तीही करून दाखवून. रोज तीच वेळ, तोच क्रम. नाडीऐवजी श्वास बघायचा: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. ज्याचं बोलणंच कमी आहे, त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, धाप कळतेच.

सोसायट्यांच्या आणि कंपन्यांच्या जिममध्ये दुपारी चिटपाखरू नसतं. एसी मात्र चालू! आठवड्यातून तीन दुपारी ती एक तास उघडी ठेवा एवढंच माझं म्हणणं आहे. आमच्या सोसायटीत तसा अर्ज दिलाय, सोबतीला मी आणि दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका. सेक्रेटरींनी विषय रविवारच्या मीटिंगमध्ये घेतलाय, पार्किंगच्या नंतर.