चुलीची सुट्टी

मार्गशीर्ष सरत आला आणि पौषाची चाहूल लागली, की पहाटेच्या अंधारात आमच्या घरी प्रथम ऐकू येते ते स्वयंपाकघरातील दिव्याचे बटण. आणि घरातील बाकीची माणसे गोधडीच्या उबेत कूस बदलून पुन्हा निजत असताना त्या गारठलेल्या फरशीवर पाऊल टाकणारी व्यक्ती गेली कित्येक वर्षे एकच आहे, ही साधी गोष्ट ध्यानात यावयास मला वयाची साठी ओलांडावी लागली. नाताळपासून संक्रांतीपर्यंतचे तीन आठवडे हे आपल्याकडे वर्षातील सर्वांत प्रसन्न दिवस होत. हवा कोरडी आणि निर्मळ असते, मंडईत पावटा, गाजरे आणि हरभऱ्याचे सोलाणे यांची रेलचेल असते, मुलांना नाताळची सुट्टी असते आणि परगावची लेकरे घरी आलेली असतात. या सुखाचा मी आजन्म उपभोग घेतला. परंतु त्याचा जमाखर्च मांडताना आपण जमेची बाजू तेवढी हौसेने लिहितो आणि खर्चाचे पान कोरे ठेवतो, असे मला आता तीव्रतेने वाटते.

कामातून मोकळे होण्यासाठी आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. ‘रजा’ हा अरबी-फारसीच्या वाटेने दफ्तरात आलेला शब्द असून त्याच्या मुळाशी संमतीचा अर्थ आहे. म्हणून रजा मागावी लागते, तिचा अर्ज करावा लागतो आणि ती मंजूर करणारा कोणी वरिष्ठ असावा लागतो. ‘सुट्टी’ ही मात्र ‘सुटणे’ या क्रियापदाची लेक. दाव्याची गाठ सुटून वासरू मोकळे व्हावे, तसे त्यात माणसाचे मोकळे होणे आहे. सरकारी सुट्ट्या आजही १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या आधारे जाहीर होतात, आणि आठवड्याची सुट्टी तर श्रमिकांनी झगडून मिळविलेली आहे. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, आणि १८९० च्या १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भरलेल्या कामगारांच्या विराट सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलावयास उभ्या राहिल्या होत्या. त्या दोघींचे स्मरण मला या दिवसांत वारंवार होते. कारण त्यांनी मागितलेला रविवार त्यांना मिळाला आणि गिरणीचा भोंगा एक दिवस थांबला, तरी त्या दिवशी त्यांच्या घरची चूल थांबली असेल, असे मानण्यास काही आधार दिसत नाही.

आपल्या हिवाळ्यातील प्रत्येक गोडवा दीर्घ श्रमाचा आहे. डिंक तळावा, खारीक कुटावी, खोबरे किसावे, तेव्हा लाडू वळावयाचे. गुळात खडा राहू नये म्हणून तो हाताने मऊ होईपर्यंत मळावा, तेव्हा गुळाची पोळी लाटावयाची. आणि भोगीला जी मिश्र भाजी व तीळ लावलेली बाजरीची भाकरी आपण लोण्यासह आवडीने खातो, तिच्यासाठी आदल्या रात्री शेंगा सोलीत कोणीतरी बसलेले असते. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचा राबता चालतोच. कचेरीतील माणसाची सुट्टी जितकी लांब, तितका घरातील एका माणसाच्या कामाचा दिवस लांब, हा शिरस्ता आपण इतका अंगवळणी पाडून घेतला आहे, की त्यास कोणी अन्यायही म्हणत नाही.

गेल्या पौषात नातीच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने करावयाचे ठरले, आणि ऐन वेळी पत्नीचा उजवा हात मनगटाशी दुखावून प्लास्टरमध्ये गेला. तेव्हा मंद आचेवर परात ठेवून मी बसलो. परातीत मूठभर खसखस, शेजारी वाटीत साखरेचा पाक. चमचाभर पाक सोडावयाचा आणि तो सुकेपर्यंत बोटांच्या टोकांनी दाणे अखंड फिरवावयाचे, मग पुन्हा चमचाभर. आच वाढली की पाक पिवळा पडतो, घाई केली की दाणे एकमेकांस बिलगतात, आणि हवा दमट असली तर काटा धरत नाही. म्हणून या कामाला थंडीतील कोरडी पहाटच लागते. “अहो, बोटं हलकी ठेवा, दाबू नका,” असे ती खुर्चीवरून सांगत होती. पहिल्या दिवशी नुसतीच पांढरी पुटे चढली, बोटांची टोके लाल झाली. चौथ्या पहाटे दाण्यांवर बारीक, पांढरेशुभ्र काटे उमटले. ते दाखवावयास मी मान वर केली, तेव्हा शाल लपेटून, डाव्या हातात चहाचा पेला धरून ती खिडकीबाहेर पाहत होती. “पौषातलं उजाडणं असं बसून मी पहिल्यांदाच बघतेय,” ती म्हणाली.

पस्तीस वर्षे मी हजेरीपटावर सही केली आणि हक्काच्या सुट्ट्या हक्काने घेतल्या. तिला मात्र रजेचा अर्ज करावयास कोणी अधिकारी नव्हता आणि तिच्या बाजूने उभा राहणारा अधिनियमही नव्हता. तिची सुट्टी आम्हा घरच्यांच्याच हातात होती आणि आम्ही ती दिली नाही. म्हणून माझे मागणे एवढेच आहे, की या नाताळात सहलीचे बेत आखण्यापूर्वी प्रत्येक घराने चुलीच्या सुट्टीचे दिवस ठरवावेत. त्या दिवशी घरातील पुरुषांनी आणि मुलांनी जे करावयाचे, त्यास ‘मदत’ म्हणू नये. कारण मदत या शब्दात काम मूळचे घरातील स्त्रीचेच, हे गृहीत असते. चुलीची सुट्टी ही घराची वहिवाट व्हावी. आमच्याकडे यंदाची भोगी माझ्याकडे आहे, आणि बाजरीची भाकरी थापावयास मी शिकू लागलो आहे.